भोपळ्यावरची राख

पहिला किडा पडला तेव्हा कोणाला पटलंच नाही. मग दुसरा पडला, तिसरा पडला, आणि बघता बघता भोपळ्याच्या पानांवरून तांबडे भुंगेरे टपाटप गळायला लागले. कुंडीतला तो वेल हॉलच्या मधोमध आणून ठेवला होता. खाली पांढरी चादर अंथरली होती, म्हणजे पडलेला एकेक किडा मागच्या रांगेतल्यालाही दिसावा. किडे उताणे पडून पाय झाडत होते. काचेच्या कारखान्याची आमची अख्खी वसाहत त्या हॉलमध्ये कोंबली होती. खिडक्यांच्या गजांना माणसं लटकली होती. ज्यांची भट्टीवर पाळी होती ते पाळी टाकून आले होते.

"पाहिलंत?" राखबाबा गरजला. "फवारा आहे माझ्याकडे? औषध आहे? साधी राख! सात डोंगरांपलीकडची, मंतरलेली राख! राखेपुढे कीड नमते, कारण शेवटी सगळ्याची राखच होते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या शेवटच्या वाक्याचा आणि भुंगेऱ्यांचा संबंध काय, हे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकानं जरी मला सांगितलं असतं ना, तर मी नोकरी सोडून त्याची शिकवणी लावली असती.

"आता कोणी शहाणा म्हणेल, बाबा, हे विष आहे." असं म्हणून त्यानं नेमकं माझ्याकडे बघितलं. कोणीतरी आधीच कान भरलेले असणार. "विष असतं तर मी हे केलं असतं का?" समोरच्या पितळी थाळ्यात राखेचा ढीग होता. त्यातली चिमूट उचलून त्यानं सरळ जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि गिळली. "गोड लागते हो!"

माझ्या भावाच्या खांद्यावर बसून माझी भाची हे सगळं बघत होती. सहा वर्षांची. एका जागी बूड टेकायचं नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणायचो. ती टाळ्या पिटत ओरडली, "आत्या, बाबा राख खातो! आत्या, मी पण खाऊ?"

सगळे हसले. बाबासुद्धा हसला.

आता मी कोण ते सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ कारखान्यात भट्टीवर आहे, त्याच्याकडेच राहते. वसाहतीत मला तोंडावर 'बाई' म्हणतात आणि पाठीमागे 'फटकळबाई'. दुसरं नाव जास्त खरं आहे.

आमच्या घरांच्या मागे जमिनीची एकेक पट्टी आहे. काचेच्या चुऱ्यानं ती माती अशी झालीय की त्यात दुसरं काही धड येत नाही. भोपळा तेवढा येतो. वेल पत्र्यावर चढवायचा, पाला खायचा, फुलं खायची, भोपळे माळ्यावर रचून ठेवायचे, ही इथली रीत. त्या वर्षी कारखाना अर्ध्यावर चालत होता, तेव्हा या वेलावर बऱ्याच चुली अवलंबून होत्या. आणि नेमकी त्याच वर्षी कीड अशी आली की पानांची चाळण झाली. भुंगेऱ्यांतून जे भोपळे वाचले त्यांना फळमाशी लागली. वरून गुटगुटीत दिसायचे, कापले की आत अळ्यांची वळवळ.

यावर उपाय नाही असं नाही. पहाटे भुंगेरे गारठून सुस्त असतात. तेव्हा उठायचं, एकेक वेचायचा आणि साबणाच्या पाण्यात टाकायचा. कोवळ्या फळाला कागदी पिशवी बांधायची. सडकं फळ उकिरड्यावर न फेकता खोल पुरायचं. मी भिंगरीला घेऊन रोज हे करायची. फुलं उमलली की ती नर फूल तोडून मादी फुलावर घासायची आणि म्हणायची, "लागलं लग्न! आता बाळ होणार!" आमच्या वेलाला सगळ्यांत जास्त फळं होती. पण यात चमत्कार नाही, नुसती कंबरदुखी आहे. कंबरदुखीला टाळ्या कोण वाजवणार?

बाबानं त्याच बैठकीत घरटी एकेक पुडी वाटली. पैशाला हात लावत नाही म्हणाला. वेलाचं पहिलं फळ तेवढं त्याचं. बरोबर नियमही दिले. राख उघड्या हातानं टाकायची. पुडी परक्याला दाखवायची नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे त्या दिवशी हात धुवायचा नाही. "हात धुतला की गुण गेला!" हे त्यानं पोरांकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं.

असले नियम कशासाठी असतात ते सांगू? गुण आला तर बाबाचा, नाही आला तर तुम्ही हात धुतला असणार. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगण मात्र तुमचं!

त्या दिवशी टाळ्या ऐकवेनात म्हणून मी हॉलच्या मागच्या दारानं बाहेर पडले. तिथे बाबाचा पट्टशिष्य उभा असे. त्याच्या गळ्यात कायम एक कापडी पिशवी, म्हणून आम्ही त्याला पिशवीवाला म्हणायचो. थोड्या वेळानं बाबा मागे आला. पिशवीवाल्यानं तांब्यानं पाणी ओतलं आणि बाबानं हात धुतले. कोपरापर्यंत साबण लावून, दोनदा, वर नखांतून ब्रश फिरवून. अख्ख्या वसाहतीला हात धुवायची बंदी करणारा हा माणूस ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरसारखा हात घासत होता.

आणि तेव्हा मला आठवलं. खाल्ली होती ती थाळ्यातली राख. वेलावर टाकली होती ती पिशवीतली.

घरी येऊन मी हे सांगितलं. भाऊ म्हणाला, "ताई, त्यांचं वेगळं असतं."

भावजय म्हणाली, "वन्सं, तुम्हाला देवाच्या हातातसुद्धा साबण दिसेल."

मी आमच्या घरातली पुडी उचलली आणि लांब, कारखान्याच्या कुंपणापाशी खोल खड्डा करून मातीत कालवून पुरली. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नमुना आणा, तपासायला पाठवू." पण आमची तर मातीत मिसळून गेली होती, आणि दुसरी पुडी मला देणार कोण? फटकळबाईला पुडी दाखवली तर गुण जाणार ना!

आठवडाभर वसाहतीत आनंदीआनंद होता. किडे खरंच मेले. माझ्या दारावरून जाताना बायका मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या. पण पुढच्या आठवड्यात मला फुलांच्या आत मेलेल्या मधमाश्या दिसायला लागल्या. परागात माखलेल्या, पाय आखडलेल्या. मधमाशी नाही तर परागीकरण नाही, आणि परागीकरण नाही तर फळ नाही. कोवळे भोपळे लिंबाएवढे व्हायचे, पिवळे पडायचे आणि गळायचे. मी ओरडून सांगितलं. बाबा म्हणाला, नजर लागली, राख वाढवा. लोकांनी राख वाढवली.

आमच्या शेजारी शिंपीण राहते. मनानं चांगली बाई, अडल्यानडल्याला पहिली धावणार. तिनंच एक दिवस कुंपणावरून भावजयीला सुचवलं. भिंगरी रात्री दात खायची, अंगानं काटकुळी होती, तिला जंत झालेत असं भावजयीचं चाललं होतं. शिंपीण म्हणाली, "अगं, एवढे टणक भुंगेरे पटापटा पडतात. पोटातला जंत तो केवढासा! आणि बाबा स्वतः खातात की."

हे मला नंतर कळलं. ऐकलं तेव्हा मला शिंपिणीचा राग आला नाही. रागावू कशी? तिनं विचार केलाच होता. बाहेरची कीड मरते, म्हणून आतली मरेल. डोळ्यांदेखत माणूस खातो, म्हणून पोर खाईल. एकेक पायरी बरोबर आणि जिनाच उलटा! तिला कोणी पहिली पायरी तपासायला शिकवलंच नव्हतं.

भावजयीनं बाबाला विचारलंसुद्धा. माझ्या पाठीमागे गेली, कारण मी नको म्हणणार हे तिला ठाऊक होतं. म्हणाली, "बाबा, मुलीला जंत झालेत. पोटात दिली तर चालेल का?"

बाबाकडे हो किंवा नाही असली उत्तरं कधी नसायचीच. तो हसून म्हणाला, "आई, मी कोण सांगणार? जेवढा विश्वास, तेवढी राख."

भावजयीचा विश्वास मोठा होता.

शिंपिणीकडची पुडी घेऊन तिनं ती शिवणाच्या डब्यात लपवली. आणि एका सकाळी मी शाळेला गेल्यावर साखरेच्या पाण्यात चमचाभर राख कालवली. भिंगरी "कडू आहे" म्हणाली. आई म्हणाली, "पी गं राणी, बाबा नाही का खात?" मग ती प्यायली.

दुपारी मी वर्गात हृदयाची आकृती काढत होते. दारात शिंपीण येऊन उभी राहिली, धापा टाकत. "बाई, भिंगरीला बाबांकडे नेलंय. कीड बाहेर पडतेय तिची. पण बाई, मला नाही बरं वाटत. तुम्ही चला."

मी पळत सुटले. भिंगरी हॉलमध्ये आईच्या मांडीवर होती. तोंडातून फेस येत होता, अंग घामानं चिंब भिजलं होतं, हातापायांचे स्नायू आपोआप उडत होते. मी तिची पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. भोवती बायका हात जोडून बसल्या होत्या.

"घाबरू नका," बाबा म्हणत होता. "घाम म्हणजे कीड वितळतेय. फेस म्हणजे कीड बाहेर येतेय."

आवाज नेहमीसारखाच होता, पण चेहरा पांढरा पडला होता, आणि तो सारखा पिशवीवाल्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं. हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन. पोरीला काय झालंय ते त्या हॉलमध्ये फक्त त्यालाच माहीत होतं, आणि तो कीड वितळतेय म्हणत होता.

"सकाळपासून इथे आहे ही?" मी भावजयीला विचारलं.

"वन्सं, बाबा म्हणाले हलवू नका..."

मी भिंगरीला उचललं. दोघीतिघींनी माझा दंड धरला. एकीला मी चक्क ढकललं. रस्त्यावर बेकरीचा टेम्पो उभा होता, त्यात बसलो आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पोरीकडे एकदा बघितलं आणि नर्सला हाक मारली. सुया, नळ्या, धावपळ. त्यातच त्यांनी विचारलं, "काय दिलंत?"

"राख," भावजय म्हणाली.

"राखेनं असं होत नाही. शेतात मारायच्या विषानं होतं. किती वेळ झाला?"

"सकाळी दिली."

"आणि आत्ता आणताय?"

डॉक्टरीणबाईंनी जे करता येतं ते सगळं केलं, मी उशाशी होते, मी पाहिलंय. दिवेलागणीच्या आधी भिंगरी गेली. एका जागी न बसणारं ते पोर पांढऱ्या चादरीखाली इतकं गप्प पडलं होतं की भाऊ सारखा तिचे पाय चोळत होता. "गार पडलेत, ताई," म्हणत होता. "गार पडलेत."

पोलीस आले. बाबा त्यांना नम्रपणे म्हणाला, "मी राख दिली, शंभर माणसांसमोर स्वतः खाल्ली. पुढे घरात काय मिसळलं, मला काय ठाऊक?" पोलिसांनी ते लिहून घेतलं. दवाखान्यातून नमुने तपासणीला गेले, पण निकाल यायला वेळ लागणार होता. अफवांना मात्र वेळ लागत नाही. कोणी म्हणे, आईनंच काही घातलं असेल. कोणी म्हणे, घरात ती फटकळबाई आहे ना, तिची टिंगल भोवली. भाऊसुद्धा एकदा बोलून गेला, "ताई, तू एवढं हसायला नको होतंस त्यांना." मी ऐकून घेतलं. पोर गेलेला बाप होता तो.

भावजय जेवत नव्हती, रडतही नव्हती. तिसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"वन्सं, एक सांगू? कोणाला बोलू नका. त्या सकाळी मी हात धुतले होते. आधी कणीक मळली, हात चिकट झाले, म्हणून धुतले आणि मग पुडी उघडली." तिनं माझ्याकडे बघितलं. "म्हणूनच गेली ना ती?"

मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आलेय की सत्य सांगायला घाबरू नका. त्या दिवशी मी घाबरले. तिची समजूत खोटी होती. पण ती खोडून तिच्या हातात मी काय देणार होते? हात धुतले म्हणून मुलगी गेली असं मानणारी आई कुठे, आणि आपणच विष पाजलं हे जाणणारी आई कुठे! खोटं तिला कुरतडत होतं, पण खरं तिला उभी चिरणार होतं.

"नाही," एवढंच म्हणाले.

"मग कशानं?"

"तुला खरंच कळायला हवंय?"

ती म्हणाली, "शेजारी अजून पुड्या आहेत, वन्सं. शिंपिणीच्या धाकटीलाही जंत आहेत."

मी उठले.

हॉलमागे थाळ्यातली राख बैठक संपली की पिशवीवाला कोपऱ्यात ओतायचा. ती मी कागदात भरून आणली. उरलेली पुडी भावजयीनं शिवणाच्या डब्यातून काढली. शाळेच्या कुंपणावर राख न टाकलेला एक भोपळा होता, त्यावरचे भुंगेरे वेचून आणले. प्रयोगशाळेतल्या तीन बरण्या घेतल्या आणि प्रत्येकीत एक पान आणि मूठभर भुंगेरे टाकले. पहिलीत राख घातलीच नाही, कारण नुसत्या कोंडण्यानं किडे मरत नाहीत ना, हेही बघायला हवं. दुसरीत थाळ्यातली राख घातली. तिसरीत हातमोजा घालून पुडीतली. झाकणांना भोकं पाडली आणि आम्ही दोघी समोर बसलो.

पहिल्या बरणीतले किडे पान खात होते. दुसरीतले राखाडी होऊन चिडल्यासारखे फिरत होते, पण फिरत होते. तिसरीतले आधी लटपटले, मग उताणे पडले, मग पाय झाडायला लागले.

भावजय त्या पायांकडे बघत राहिली. भिंगरीचे पाय तिला दिसत असणार, मला दिसत होते.

"बाबा खातो ती ही," दुसऱ्या बरणीला बोट लावून ती म्हणाली. "आणि आपल्याला दिली ती ही."

"हो."

"म्हणजे मीच मारलं तिला."

"तू नाही. तुला फसवलं त्यानं."

"पण चमचा माझ्या हातात होता ना, वन्सं?"

मी तिला जवळ घेतलं आणि तेव्हा ती रडली.

रविवारी बाबानं मोठी बैठक बोलावली. लोकांची मनं डळमळली होती, ती सावरायला हवी होती. हॉल पुन्हा भरला. भाऊ दाराशी उभा राहिला. मी तीन बरण्या कापडाखाली झाकून आणल्या होत्या. आधी बरण्या दाखवायच्या आणि मग बोलायचं, असं मी भावजयीला सांगितलं होतं.

बाबानं थाळ्यातली चिमूट जिभेवर ठेवली. "बघा, मी खातो! रोज खातो! मग एक लेकरू का गेलं? राखेत दोष नाही. दोष मनात असतो. ज्या घरात शंका शिरली, त्या घरात..."

"बाबा," भावजय म्हणाली.

ती कधी उठली ते मलाही कळलं नाही. बरण्यांची वाट तिनं बघितलीच नाही. हातात पुडी धरून ती सरळ पुढे गेली.

"आई, तुम्ही दुःखात आहात," बाबा मऊ आवाजात म्हणाला. "बसा."

"ही तुमची पुडी. तुमच्या माणसानं बांधलेली, ही गाठ त्याचीच. शिंपिणीकडून मी घेतली, ती इथेच बसलीय."

"हो, यांनी मला दिलेली, ती मीच हिला दिली," शिंपीण मागून म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता.

"खा," भावजय म्हणाली.

"आई, खातोच की मी. आत्ताच सगळ्यांनी..."

"थाळ्यातली नको. ही. माझ्या हातची खा." तिनं पुडी उघडून त्याच्या तोंडाशी नेली. "जेवढा विश्वास तेवढी, असं तुम्हीच म्हणाला होतात. माझा चमचाभर होता. तुमचा तर जास्त असेल. सगळी खा."

बाबा मागे सरकला. ती पुढे सरकली. त्याची टाच लागून पितळी थाळा उलटला आणि राख त्याच्या पायांवर सांडली, तिचं त्याला काहीच वाटलं नाही. मग पुडीतली चिमूटभर त्याच्या सदऱ्यावर उडाली मात्र, आणि तो किंचाळला, "अरे, दूर करा ते! पाणी आणा! साबण आणा!"

एवढं पुरलं. माझ्या बरण्या बघायची गरजच कोणाला उरली नाही.

पिशवीवाला दाराकडे पळाला, तर दारात माझा भाऊ. भट्टीवरचे हात आहेत त्याचे. त्यानं पिशवीवाल्याला नुसतं धरून ठेवलं. लोक बाबावर धावून गेले. तेव्हा मी खुर्चीवर उभी राहून आयुष्यात ओरडले नव्हते इतकं ओरडले, "मारू नका! हा मेला तर उद्या याचा फोटो लावून दुसरा बाबा राख विकेल! पोलिसांना बोलवा!" माझा फटकळपणा त्या दिवशी तेवढा कामाला आला.

हॉलमागच्या खोलीत पोलिसांना सगळं सापडलं. गोदामातली कीड मारायची पूड, पोतंभर. भाजीपाल्याच्या जवळपासही ती वापरायची नसते, पोत्यावर कवटीचं चित्र छापलेलं होतं. सात डोंगरांपलीकडची राख आमच्याच कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भट्टीतली निघाली. बेकरीवाला बिचारा म्हणाला, "भांडी घासायला नेतात असं वाटलं मला." पिशवीवाला पोपटासारखा बोलला. पूड आणि राख मिसळायची, पुड्या बांधायच्या. थाळ्यात मात्र निव्वळ राख. पहिली फळं टेम्पोत घालून लांबच्या बाजारात विकायची. बाबानं त्यातला एक भोपळा कधी चाखला नाही, हेही त्यानंच सांगितलं. पुढे तपासणीचा निकाल आला. भिंगरीच्या पोटात तेच विष होतं.

चमत्कार म्हणाल तर एवढाच. दोन राखा, दिसायला सारख्या. एक दाखवायची आणि दुसरी द्यायची. यापेक्षा अवघड हातचलाखी जत्रेतला जादूगार करतो, पण तो निदान कोणाच्या घरात पुडी ठेवून जात नाही.

डॉक्टरीणबाईंनी विषाची विल्हेवाट लावायची सोय केली आणि घरोघर निरोप गेला की पुड्या आणून द्या. लोक आले, मान खाली घालून देऊन गेले. सगळ्या जमल्यावर आम्ही मोजल्या तर, आमची पुरलेली आणि पोलिसांनी नेलेली धरूनही, वसाहतीत घरं होती त्याहून पुड्या कमी भरल्या. म्हणजे काही अजून घरात आहेत. 'असू दे, किडे तर मरत होते ना' असं म्हणून कोणीतरी ठेवल्यात. माणसाचं मन असंच आहे. त्याला बाबा खोटा निघालेला चालतो, पण आपण फसलो होतो हे चालत नाही.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, आणि हात जोडायची मला सवय नाही. कोणी काही दिलं तर विचारा, यात काय आहे? दाखवलं तेच दिलं का? नियम का घातले? विचारल्यानं ज्याचा गुण जातो त्याच्यात गुण नव्हताच. आणि पोराच्या तोंडात काही घालायचं असेल तर आधी डॉक्टरला विचारा. विचारायला लाज कसली? विश्वास मोजायचं माप अजून निघालेलं नाही, पण विषाचं आहे.

त्या उरलेल्या पुड्यांसाठी भावजय आता रोज संध्याकाळी बाहेर पडते. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणते. दार वाजवते, उंबऱ्याबाहेर उभी राहते, आत बोलावलं तरी जात नाही. भाषण करत नाही, कोणाला दोष देत नाही. प्रत्येक दारात ती एवढंच म्हणते, "माझ्या मुलीला मी माझ्या हातानं पाजली. तुमच्याकडची द्या."